विस्तवाची वेळ



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते गिरणीतली पाळी संपल्यावर करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर झाले, आणि उरलेले कामगारांच्या सभांतून. म्हणून इतिहास वाचताना माझी नजर सिंहासनाकडे कमी आणि चुलीकडे जास्त जाते, हे आधीच कबूल करून टाकतो. आजचा विषय चुलीच्याही बाहेरचा आहे. उघड्यावर विस्तव कधी पेटवावा, कधी पेटवू नये, आणि हे ठरवायचे कोणी, याचा हा इतिहास आहे.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, त्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ती तारीख आपण विसरणार नाही. पण दर फाल्गुन-चैत्रात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या बाजूंच्या डोंगरांवर रात्री तांबडी रेघ ओढल्यासारखा वणवा दिसतो, त्याची तारीख कोण लिहून ठेवतो? काही आगींना तारीख असते, काहींना नुसता हंगाम असतो. ज्यांना तारीख नसते त्यांच्याबद्दल आपण सवयीने गप्प बसतो.

तारखांकडे थोडे निरखून पाहू. मुंबईच्या कोटात मोठी आग लागली ती १७ फेब्रुवारी १८०३ रोजी. पुण्याचा शनिवारवाडा जळाला तो २७ फेब्रुवारी १८२८ रोजी. ती आग सात दिवस धुमसत होती असे सांगतात. सुरत शहर जळाले ते २४ एप्रिल १८३७ रोजी. नऊ हजारांवर घरांची राख झाली. तीन तारखांवरून कोणताही सिद्धांत सिद्ध होत नाही, आणि आपले नाट्यगृह तर ऑगस्टात जळाले. ठिणगी बाराही महिने पडते. पण ती पडल्यावर किती पळेल हे लाकूड किती वाळले आहे, हवेत ओल किती आहे आणि वारा कुठून वाहतो यावर ठरते. म्हणून आपल्याकडे माघ सरला की वैशाखापर्यंत विस्तवाशी जपून वागायचे. आपली व्याख्यानमाला भरते तोच हा काळ.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कळत नव्हती असे नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र १९०९ साली म्हैसूरहून छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातले राजकारणच लोकांच्या डोळ्यांत भरले. माझे बोट थांबले ते नगराच्या कारभाराच्या प्रकरणावर. तिथे उन्हाळ्यासाठी आगीचे नियम दिले आहेत. दिवसाचे चार भाग केले तर मधल्या दोन भागांत विस्तव पेटवायचा नाही. पेटवला तर दंड. स्वयंपाक करायचाच असेल तर घराबाहेर करावा. गवताची छपरे काढून टाकावीत. आगीवर ज्यांचा धंदा चालतो, अशा कारागिरांना एका बाजूला वसवावे. प्रत्येक घरी पाण्याचे पाच घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, छप्पर ओढायचा आकडा आणि कातडी पखाल असावी. रस्त्यांवर भरलेल्या घागरींच्या रांगा असाव्यात.

या नियमांत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विस्तव सरसकट बंद केलेला नाही. त्याला ऋतू आणि प्रहर ठरवून दिला आहे. दुसरी, मनाईच्या बरोबरीने साधनेही सांगितली आहेत. तिसरी मात्र माझ्यासारख्या युनियनवाल्याला फार आवडली. आग लागल्यावर विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला बारा पणांचा दंड, आणि भाडेकरूला सहा पणांचा. ज्याची मालमत्ता जास्त त्याची जबाबदारी दुप्पट! कौटिल्य काही गोरगरिबांचा कैवारी नव्हता; मुद्दाम आग लावणाऱ्याला त्याने आगीतच टाकायला सांगितले आहे. पण नियम पाळला जावा असे वाटत असेल तर तो माणसाच्या ऐपतीला धरून असावा लागतो, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

हेच शहाणपण आपल्या खेड्यांत न लिहिता चालत आले. भाताचा आणि नाचणीचा तरवा भाजताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे कळेल. कोकणात आणि घाटावर यालाच राब म्हणतात. शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे आणि वर माती पसरायची, म्हणजे जाळ न होता ते सावकाश भाजत जाते. पेटवायचे ते वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे विस्तव वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चालतो, वाऱ्याबरोबर धावत सुटत नाही. भोवतालचे गवत आधी काढायचे आणि कोणीतरी हातात ओली डहाळी घेऊन उभे राहायचे. जमीन भाजली की तणाचे बी मरते आणि रोपे जोमाने येतात. शिमग्याची होळीसुद्धा मला याच नजरेने दिसते. जागा ठरलेली, मोकळी, वेळ रात्रीची, आणि भोवती सगळा गाव. ज्या विस्तवाभोवती माणसे उभी असतात तो सहसा पळत नाही. वणवा होतो तो पेटवून पाठ फिरवलेल्या विस्तवाचा.

पुढे साहेबाचे राज्य आले. जहाजांना आणि रेल्वेला लाकूड हवे होते, म्हणून जंगल ही सरकारची तिजोरी झाली. १८६५ चा पहिला आणि १८७८ चा दुसरा वन कायदा झाला. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. काल जिथे शेतकरी डहाळ्या तोडत होता तिथे आज तो गुन्हेगार ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या नव्या जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या प्रश्नावर एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली जंगल कमिशन नेमावे लागले. १९३० साली शेजारच्या शिराळा भागात बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशीही हीच खदखद होती.

साहेबाचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. जाळरेषा ही त्याच काळात रुळलेली पद्धत. उन्हाळा कडक होण्याआधी जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, जाळून ठेवायचा, म्हणजे पुढे आलेला वणवा तिथे उपाशी मरतो. आजही वनखाते हेच करते. पण साहेबाची पहिली समजूत अशी होती की जंगलातला विस्तव पूर्ण बंद केला की जंगल वाढलेच पाहिजे. मग ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत उलटाच अनुभव आला. वर्षानुवर्षे आग न लागल्यामुळे खाली पाचोळा आणि झुडपे माजली, सागाची नवी रोपे उगवेनात, आणि चुकून आग लागली की ती पूर्वीपेक्षा भयंकर भडके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वनाधिकाऱ्यांना हात आखडता घ्यावा लागला आणि हंगामाच्या आरंभी, गवत पुरते वाळण्याआधी, हलकी आग मुद्दाम लावायची पद्धत पुन्हा आली. म्हणजे तरवा भाजणाऱ्याला जे ठाऊक होते तिथेच शास्त्र वळसा घालून आले.

याचा अर्थ डोंगर पेटवणे चांगले असा कोणी घेऊ नये. चार हात तरवा भाजणे वेगळे आणि काडी टाकून अख्खी सडा-कुरणे सोडून देणे वेगळे. 'पेटवले की पावसाळ्यात गवत चांगले येते' ही आपल्याकडची जुनी समजूत. पहिल्या पावसात हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरे. पण दरवर्षी जाळलेल्या उतारावरची माती उघडी पडते आणि पावसाबरोबर ओढ्याला जाते. टिटवी, लावा यांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची पिढी जळते. झाडांची रोपे मरतात आणि जंगलाची कड वर्षाला थोडी थोडी मागे सरकते.

आता जगात या धोक्याचे मोजमाप कसे सुरू झाले ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ऑगस्ट १९१० मध्ये दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि ऐंशीच्या वर माणसे गेली. त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर होती. त्यानंतर हॅरी गिस्बोर्न नावाच्या वनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात मापक तयार केला. वारा, हवेतली ओल, पाचोळ्यातली ओल यांचे आकडे जुळवले की आजचा धोका कोणत्या पायरीवर आहे ते कळे. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात अशाच पद्धती वाढल्या. ऑस्ट्रेलियात खेड्याच्या वेशीवर अर्धगोल पाटी असते आणि तिच्यावरचा काटा रोज हलवतात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी तिथे एका दिवसाच्या वणव्यात १७३ माणसे मेली, तेव्हा सर्वांत वर आणखी एक पायरी वाढवली. पण पायऱ्या फार झाल्या की लोक गोंधळतात असे ध्यानात आले, म्हणून सप्टेंबर २०२२ पासून त्यांनी चारच ठेवल्या आणि प्रत्येक पायरीला काय करायचे तेही सांगितले. नुसते 'धोका आहे' म्हणून भागत नाही. 'मग मी काय करू?' याचे उत्तर द्यावे लागते.

आपल्या देशातही डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या वणव्यांची खबर राज्यांना देते, आणि आता हवामानावरून धोक्याच्या पायऱ्याही काढते. म्हणजे राधानगरीच्या डोंगरावर पेटलेला विस्तव आकाशातून दिसतो. पण त्या डोंगराखालच्या वाडीतल्या माणसाला आजची पायरी कोणती, हे सांगणारी पाटी मी तरी कोणत्या वेशीवर पाहिलेली नाही.

मंडळी, आता मी डोंगरावरून खाली उसाच्या फडात येतो, कारण आपल्या जिल्ह्यात जास्तीत जास्त विस्तव तिथे पेटतो, आणि तिथे मी स्वतः आरोपी आहे. मी विशीतला असताना आमच्या दोन बिघ्यांतला ऊस तुटून गेला आणि पाचट पसरले होते. खोडव्याला पाणी द्यायची घाई होती. मी भर दुपारी एका कडेला काडी लावली आणि विडी ओढत बांधावर बसलो. दुपार कलताना आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यांत फरक आहे. जाळ बांध ओलांडून शेजारच्या तात्यांच्या उभ्या उसात शिरला. जळीत ऊस तातडीने तोडावा लागतो, त्याचे वजन घटते, साखर घटते, आणि बिलातून कपात होते. तात्यांनी पोलिसात तक्रार दिली नाही. आमच्या वडिलांनी दोन हंगाम त्यांचे नुकसान भरून दिले आणि मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे वाचताना कळले की मी तात्यांच्या उसाआधी आमचेच घर जाळत होतो. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, शिवाय पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब. जाळले की नत्र जवळजवळ सगळे धुरावाटे जाते आणि मग आपण तेच पैसे मोजून पोत्यातून विकत आणतो. तेच पाचट सरीत दाबून, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकले तर जागच्या जागी खत होते आणि जमिनीतली ओलही टिकते. कृषी विद्यापीठाची ही शिफारस जुनी आहे. मग शेतकरी जाळतो का? कारण पाचट सरीत ओढायला मजूर लागतो, मजुराला मजुरी लागते, आणि काडी पेटीतून फुकट निघते. हे गणित बदलल्याशिवाय नुसत्या उपदेशाने पाचट वाचणार नाही.

एका कारखान्याच्या तळावर मी हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकलो. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या तिथे दाटीवाटीने उभ्या होत्या. कोपी म्हणजे बांबूचे चार कोंब आणि वर पाचट. मार्चमधल्या एका संध्याकाळी चुलीतली ठिणगी उडाली आणि पाहता पाहता चार कोप्या गेल्या. माणसे वाचली. एका मुलीची दप्तराची पिशवी गेली, आणि तिच्या आईने डब्यात ठेवलेले पैसे गेले. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा सांगायला उभा राहिलो की चूल कोपीपासून लांब मांडा. ती बाई शांतपणे म्हणाली, "दादा, लांब मांडा म्हणता, पर लांब म्हंजी कुठं? ह्या अंगाला दुसऱ्याची कोपी, त्या अंगाला बैलं. आता वाऱ्यालाच सांगा की लांबनं जायला."

मी भाषण तिथेच थांबवले. दोन कोप्यांत दहा हात अंतर, चुलींसाठी तळाच्या एका बाजूला पत्र्याचा आडोसा, आणि प्रत्येक ओळीला पाण्याचे भरलेले पिंप, एवढ्या तीन मागण्या आम्ही लिहून दिल्या. त्यासाठी दोन दिवस फाटकावर बसलो. पुढच्या हंगामात त्या मिळाल्या. तेव्हा मी कौटिल्य वाचला नव्हता. नंतर ते पाच घडे आणि कारागिरांना एका बाजूला वसवण्याचा नियम वाचला आणि हसू आले. आम्ही फाटकावर बसून काही नवे मागितले नव्हते.

शहरात राहणाऱ्यांनी हे शेतकऱ्याचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर सकाळी झाडलोट झाली की पाला, कागद, प्लॅस्टिक एकत्र करून काडी लावली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या ढिगाला पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. तेव्हा कचऱ्याच्या बाबतीत 'सुरक्षित कसे जाळावे' हा प्रश्नच उरत नाही. तो जाळायचा नाही. पाल्याचा खड्डा करावा, बाकीचा घंटागाडीत द्यावा.

आणि शेतात, तरव्यात जिथे विस्तव खरोखरच लागतो, तिथे वडीलधाऱ्यांची रीत आणि आजचे शास्त्र एकच गोष्ट सांगतात. जंगलाच्या कडेला पेटवायचेच नाही. राखीव जंगलाला धोका होईल असा विस्तव करणे १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाने गुन्हा आहे. बाकी ठिकाणी सकाळी लवकर, दव असताना पेटवावे आणि ऊन तापायच्या आत विझवावे. झाडाचा शेंडा हलत असेल, वळवाचे ढग जमले असतील, तर त्या दिवशी काडी खिशातच ठेवावी. वळवाचा पाऊस येण्याआधी वारा येतो. भोवती चार-पाच हात पट्टा मातीपर्यंत खरवडून घ्यावा. उतारावर खालून कधीही पेटवू नये, कारण जाळ वरचे गवत आधी वाळवतो आणि मग त्यावर झेप घेतो. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे. पाण्याची घागर आणि दुसरे माणूस असल्याशिवाय सुरुवात करू नये. आणि राखेवर पाणी मारून, उलटा हात धरून ऊब लागत नाही अशी खात्री झाल्याशिवाय जागा सोडू नये. मी त्या दुपारी यातली एकही गोष्ट केली नव्हती.

एका वर्गाचा मात्र आपल्याला नेहमी विसर पडतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा भरलेली 'फोर्ट स्टिकिन' बोट पेटली आणि फुटली. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपण 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणून हसतो. पण पुष्कळदा बंब सोमेश्वरी जातो तो तिथे कोणीतरी पाला पेटवून घरी गेलेला असतो म्हणून. त्याच वेळी रामेश्वरी कोणाचे घर पेटले तर दोष बंबवाल्याचा नसतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. फेब्रुवारी ते मेअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि कारखान्याच्या फाटकावर आजची पायरी दाखवणारी पाटी असावी, आणि तिच्याखाली आज काय करायचे ते दोन ओळींत मराठीत लिहावे. पाचट सरीत घालणाऱ्याला त्या मजुरीचा काही वाटा मिळावा. तोडणी कामगारांच्या तळावर अंतर आणि पाणी असल्याशिवाय हंगाम सुरू होऊ नये. नुसत्या मनाईने विस्तव थांबत नाही हे १८७८ पासून आपण पाहत आलो आहोत. विस्तवाची वेळ ज्याला त्याला कळली पाहिजे, आणि ती पाळता येईल अशी त्याची परिस्थितीही असली पाहिजे.

तात्या आता नाहीत. त्यांचा मुलगा आणि मी गेल्या काही हंगामांपासून मिळून पाचट सरीत ओढतो. बांध तोच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आता काळी, ओली जमीन दिसते.